पाचव्या महिन्यात सहा किलो वाढलं, फोनवरच्या सल्ल्याने काही होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, उंची १५७ सेंटिमीटर, दिवस राहिले तेव्हा वजन ६८ किलो. आता विसावा आठवडा आणि काटा ७४ वर. राहायला पिंपरी-चिंचवडला, नोकरी आयटीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. दर महिन्याच्या तपासणीत "वजन जरा आवरा" एवढंच ऐकायला मिळतं, त्यापुढे बोलायला कुणाला वेळ नसतो. एका ऑनलाइन कंपनीने व्हिडिओ कॉल, अ‍ॅप आणि डाएट चार्ट असं सहा महिन्यांचं पॅकेज गळ्यात घालायचं ठरवलंय. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी, लातूरला जायचंय. फोनवरून वजन खरंच सांभाळता येतं, की पैसे पाण्यात?

(सहा महिन्यांचं पॅकेज! बाळंतपणाला साडेचार राहिलेत. असो.)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून एकवीस वर्षं झाली. २०२० च्या टाळेबंदीत फोनवर बायकांशी बोलायला लागले ते नाइलाजाने. रस्ते बंद होते, एसटी बंद होती, दुसरं करणार काय? टाळेबंदी उठली तरी फोन चालूच ठेवले, कारण तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की माझ्या टेबलासमोर बसून ज्या गोष्टी कधीच बाहेर पडल्या नसत्या, त्या बायका स्वतःच्या घरात बसून सहज सांगतात.

तेव्हा उत्तर "हो" असंच आहे. पण ते पॅकेजला नाही. उपयोग होतो तो घरी नीट मोजण्याचा आणि ते मोजमाप थोड्या थोड्या दिवसांनी एका जाणत्या माणसापुढे ठेवण्याचा. व्हिडिओ असो, साधा फोन असो की व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप, त्याने फारसा फरक पडत नाही.

आधी तुमचा आकडा नीट बघू, कारण "वजन आवरा" ऐकून अर्धपोटी राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. ६८ किलो आणि १५७ सेंटिमीटर म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण २७.६. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली जी पट्टी ठरवली, तीच आपल्याकडेही पुष्कळ डॉक्टर वापरतात. आधीचा बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर पूर्ण गरोदरपणात १२.५ ते १८ किलो वाढावं, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, आणि ३० च्या वर असेल तर ५ ते ९. तुम्ही तिसऱ्या गटात बसता. आता यात एक मेख आहे. भारतीय शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त असते, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. त्या हिशोबाने काही डॉक्टर तुम्हाला ५ ते ९ च्या पट्टीत घालतील. पुढच्या तपासणीला फक्त एवढंच विचारा: "माझ्यासाठी एकूण किती किलो धरायचे?" हा प्रश्न विचारला की पाच मिनिटांतही नेमकं उत्तर मिळतं.

तुमच्या गटात पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो आणि त्यानंतर आठवड्याला सुमारे पाव किलो, अगदी नेमकं सांगायचं तर २८० ग्रॅम, अशी चाल धरलेली आहे. म्हणजे विसाव्या आठवड्यापर्यंत अडीच ते चार किलो अपेक्षित होते. तुमचे सहा झालेत. चाल जरा वेगाची आहे, पण हातातून काही गेलेलं नाही. इथून पुढचे वीस आठवडे पाव-पाव किलोने गेले तर आणखी पाच किलो वाढतील आणि एकूण अकरावर थांबाल, पट्टीच्या आत. वाढलेलं कमी करायचं नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. गरोदरपणात वजन उतरवायचं काम आपण करत नाही. फक्त चढ थोडा सौम्य करायचा.

हे दवाखान्यात का जमत नाही? दोष कुणा एकाचा नाही. बाई येते ती दुपारची, जेवून, साडीत, पर्स काखेत. आमची सिस्टर चप्पल काढायला सांगते तेवढंच. मागच्या महिन्यात ती सकाळी उपाशीपोटी आली होती, आज पोटभर. कपडे, पाणी, जेवण मिळून दीड किलोचा घोळ तिथेच होतो आणि त्या घोळावर आम्ही भाषण देतो. महिन्यातून एक आकडा, तोही असा. त्यातून चाल कशी कळणार?

म्हणून पहिलं काम घरच्या काट्याचं. साधा डिजिटल काटा पुरतो, फोनशी जोडलेला लागत नाही. फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. आठवड्यातला एक वार ठरवायचा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्याही आधी, त्याच गाऊनमध्ये उभं राहायचं आणि काट्याचा फोटो काढायचा. फोटो अशासाठी की आकडा लिहिताना माणूस नकळत खाली ओढतो, मीसुद्धा ओढते. रोज मोजू नका. अंगातल्या पाण्याने एका दिवसात अर्धा-एक किलो इकडचं तिकडे होतं आणि उगाच जीव टांगणीला लागतो. तीन-चार आठवड्यांचे फोटो समोर आले की मला चाल दिसते, आणि मग बोलण्यात अर्थ असतो.

आता खाण्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. गेल्या पावसाळ्यात सव्वीसाव्या आठवड्यातली एक बाई व्हिडिओवर होती. म्हणाली, "मॅडम, मी काही खातच नाही, तरी वाढतंय." हे वाक्य मी आठवड्यातून चारदा तरी ऐकते. ते खोटं नसतं, तिला खरंच तसं वाटत असतं. मी म्हटलं, जेवणाचं राहू दे, फोन घेऊन ओट्यापाशी चल आणि चहा कशात पितेस ते दाखव. कप नव्हताच. स्टीलचा उभा पेला होता, दोन कप सहज मावतील असा. साखरेच्या डब्यात जो चमचा होता तो चहाचा नव्हता, पोहे खायचा होता. घरात केकसाठी आणलेला छोटा काटा होता, त्यावर एक शिगोशीग चमचा मोजायला लावला. बारा ग्रॅम भरला. पेल्यात असे दोन आणि दिवसाला तीन पेले, म्हणजे ७२ ग्रॅम साखर. त्याच्या झाल्या जवळपास २९० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने गरोदर बाईला रोज जास्तीच्या लागतात त्या ३५० कॅलरी. म्हणजे "दोघांचं खा" म्हणून जे काही जास्तीचं खायचं, त्यातलं बहुतेक सगळं साखरेनेच खाऊन टाकलं होतं. बाळाच्या वाट्याला त्यातून ना प्रथिनं, ना लोह.

चहा मी बंद केला नाही. गरोदर बाईचा चहा बंद करणारा डॉक्टर दुसऱ्या दिवशी ऐकला जात नाही. पेला जाऊन कप आला, पोह्याचा चमचा जाऊन चहाचा आला, आणि तिसऱ्या चहाच्या वेळी ताक. एवढ्याच बदलाने पुढचा महिना सरळ गेला. हे माझ्या दवाखान्यात बसून कसं कळलं असतं? तिने "तीन वेळा चहा" सांगितलं असतं, मी "तीन कप" लिहिलं असतं.

तुमच्या बाबतीतही असाच कुठेतरी एखादा पेला असेल. घरून काम करणाऱ्यांचा बहुधा अकरा ते एकच्या मीटिंगमध्ये असतो: लॅपटॉपशेजारी फरसाणाची वाटी, नाहीतर खारी-टोस्ट. दोन दिवस, एक कामाचा आणि एक सुट्टीचा, तोंडात जाईल त्या प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. पदार्थांची नावं आणि कॅलरी भरत बसायची गरज नाही. तसं करणारी अ‍ॅपं थालीपिठावर लावलेला लोण्याचा गोळा किंवा आमटीवरची फोडणी पकडू शकत नाहीत. फोटोत आम्हाला ताटाचा आकार, भाताचा डोंगर, वरणाची खोली, तेलाचा तवंग सगळं दिसतं. घरात महिन्याला तेल किती येतं तेही सांगा. चार माणसांत पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर चर्चा तुमच्यावर नाही, कढईवर करायला हवी.

जास्तीच्या ३५० कॅलरी म्हणजे किती? एक पेला दूध, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं. झालं, तेवढ्यात ते ओलांडतात. दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण १० ग्रॅम आणि तिसरीत २२ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, आणि मराठी ताटात सगळ्यात जास्त मार खातात ती प्रथिनंच. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, पोळी-बटाटा असा दिवस गेला की पोट भरतं, पण पुन्हा दोन तासांनी भूक लागते. सकाळच्या पोह्यांबरोबर अंडं किंवा मटकीची उसळ, दुपारी वरण पातळ न ठेवता घट्ट, रात्री पिठलं-भाकरी, मधल्या वेळी फुटाणे. वेगळा स्वयंपाक करायला लागेल असा आहार मी कुणाला देत नाही. तो तीन दिवस टिकतो. उपासांचंही मोकळेपणाने बोला. चतुर्थीला तुम्ही खरोखर उपाशी राहता की साबुदाणा, बटाट्याचे वेफर्स आणि राजगिऱ्याचे लाडू यांनी दुप्पट खाता, हे फोनवर हसत हसत निघतं.

गोळ्यांचं एवढंच: लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या तोंडावर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियम वेगळ्या वेळी, दोघांत दोन तास तरी ठेवा. ही एक चूक दर तीन बायकांमागे एकीची तरी निघते, आणि ती निघते "गोळ्यांची पाकिटं कुठे ठेवली आहेत, दाखवा" म्हटलं की.

किती वेळा बोलायचं? पहिलं बोलणं निवांत, अर्धा तास. पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला दहा मिनिटं. मग पंधरा दिवसांनी. कॅलिफोर्नियात कैसर पर्मनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेने जास्त वजनाच्या सुमारे ४०० गरोदर बायकांवर असाच एक प्रयोग केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. तेरा बैठका होत्या, त्यातल्या फक्त दोन समोरासमोर, बाकी अकरा फोनवर. ज्यांना हे फोन गेले त्यांचं वजन आठवड्याला सरासरी २६० ग्रॅमने वाढलं, ज्यांना नेहमीचीच तपासणी मिळाली त्यांचं ३२० ग्रॅमने. पूर्ण गरोदरपणात फरक पडला दीड किलोच्या आसपास. "एवढ्यासाठी तेरा फोन?" असं वाटेल. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं. जगभरातल्या आहार-व्यायामाच्या प्रयोगांतली बारा हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून २०१७ साली जो हिशोब मांडला गेला, त्यात तर सरासरी फरक सातशे ग्रॅमच निघाला, आणि सिझेरियनचं प्रमाण थोडं कमी झालं. तेव्हा कुणी "दहा किलो वाचवून देतो" म्हणालं तर फोन ठेवा. पण दर आठवड्याच्या त्या दहा मिनिटांत वजनाखेरीज रक्तदाब, साखर, लोहाची गोळी, झोप, सासरचा ताण असं बाकीचं जे हाती लागतं, ते किलोच्या हिशोबात धरलेलं नसतं. माझ्या मते निम्मा फायदा तिथेच आहे.

आता फोनला जे जमत नाही त्याबद्दल, आणि इथे माझीच चूक सांगते. चार वर्षांपूर्वीची दिवाळी. तेहेतिसाव्या आठवड्यातल्या एका बाईने काट्याचा फोटो पाठवला, एका आठवड्यात दोन किलो वाढले होते. मी लिहिलं: "फराळ जरा जोरात झालाय वाटतं!" वर हसरा चेहरा. तिनेही हसरा चेहरा पाठवला. रात्री जेवताना माझ्या डोक्यात आलं, चकल्या खाऊन आठवड्यात दोन किलो होत नाहीत, अंगात साठलेल्या पाण्याने होतात. फोन लावला, म्हटलं अंगठी निघते का बघ. दोन दिवसांपासून निघत नव्हती. सकाळपासून डोकं दुखत होतं, पण "सणाचं जागरण झालं" म्हणून तिने सांगितलंच नव्हतं. त्या रात्री तिला आणून घेतलं तेव्हा रक्तदाब १५८/१०४ होता. पुढे सगळं नीट झालं, पण वाया गेलेले ते चार तास माझ्या चुकीचे होते, तिच्या नव्हते. तेव्हापासून माझा नियम आहे: आठवड्यात एक किलोच्या वर उडी दिसली की खाण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, आधी रक्तदाब.

म्हणून वजनकाट्याच्या जोडीला दंडावर पट्टा बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून बघा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही. १४०/९० किंवा जास्त दिसला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पुढच्या कॉलची वाट बघू नका. १६०/११० दिसला तर कुणालाही फोन करून सल्ला विचारू नका, सरळ दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणं, अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, यातलं काहीही असलं तरी तेच. पोटाचा आकार हाताने बघणं, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, सोनोग्राफी ही कामं कुठल्याही अ‍ॅपला जमणार नाहीत. तुमच्या ठरलेल्या तपासण्यांतली एकही फोनमुळे चुकता कामा नये. फोन असतो तो दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांसाठी.

साखरेचं पण बघून घ्या. तुमच्या वजनाला चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची तपासणी चुकवू नका, आधी झाली असली तरी. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. आणि खरं सांगू का, फोनवरचा सल्ला सगळ्यात झकास चालतो तो या बायकांत, कारण बोलायला दोघांपुढे आकडे असतात: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत. "दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी आणि मेथी, तर ११२, रात्री भात, तर १४६" असं तिनेच लिहून पाठवलं की मला समजावत बसावं लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्या. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवा. मे महिन्यात एकीचा २३० चा फोटो आला होता. विचारलं तर आंबा चिरून तसंच बोट टोचलं होतं. धुऊन पुन्हा बघितलं तेव्हा ११८.

चालण्याबद्दल थोडक्यात. तुमच्या डॉक्टरांनी वार (प्लॅसेंटा) खाली आहे, रक्त जातंय किंवा गर्भपिशवीला टाका आहे अशा कारणाने मनाई केली नसेल, तर आठवड्याला १५० मिनिटं. एकदम जमत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं सोसायटीत किंवा गच्चीवर. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. ऑनलाइन योगवर्ग लावणार असाल तर शिकवणारीला आठवडा सांगा आणि कॅमेरा चालू ठेवा. तीस चौकटींत ती तुमच्याकडे बघत नसेल तर तो वर्ग यूट्यूबसारखाच आहे, फक्त पैसे जास्त.

एक नाजूक गोष्ट. फोन उचलल्यावर मी पहिलं विचारते, "आत्ता खोलीत कोण कोण आहे?" स्पीकर चालू असतो, सासूबाई शेजारी निवडत बसलेल्या असतात, आणि सून "सगळं छान आहे" म्हणते. अशा वेळी खाणं-झोप-मनःस्थितीचं खरं उत्तर मिळत नाही, म्हणून महिन्यातून एक फोन ती एकटी असताना ठरवते. मन फारच खचलेलं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिला देऊन ठेवते. पण याच्या उलटही आहे. घरात तेल-तूप कुणाच्या हातात आहे? बऱ्याचदा सासूबाईंच्या, माहेरी आईच्या. त्यांना बाजूला ठेवून आहार बदलायला जाल तर दर जेवणाला भांडण. मी त्यांनाच कॉलवर घेते आणि विचारते, "तुमच्या काळी पाचव्या महिन्यात काय करून घालायचे हो?" नाचणीचं सत्त्व, राजगिरा, चाकवत, शेपू, अळू अशी यादी त्याच सांगतात आणि मला फक्त "हेच द्या, वर तूप एक चमचा" म्हणायचं उरतं. डोहाळजेवणाचं ताट मात्र मी कधी मोजायला लावत नाही. एका दिवसाने काही होत नसतं.

हे सगळं शहरातल्या, वजन जास्त असलेल्या बाईसाठी झालं. माझ्या निम्म्या पेशंट उलट टोकाच्या आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांचं दिवस राहण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं, बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं आकाराने मोठी होती, आणि शेतातलं-घरातलं काम फार असणाऱ्यांची लहान. माझ्याकडच्या अशा बायकांना फोनवर "चाला" सांगणं हा विनोद होईल, त्या दिवसभर खुरपत असतात. त्यांना मी सांगते: दुपारी एक तास आडव्या व्हा, आणि नवऱ्याला फोन द्या, त्याच्याशी बोलायचंय. त्यांच्यासाठी पॅकेज-बिकेज नाही. गावातल्या आरोग्य मंदिरातल्या आरोग्य अधिकाऱ्यामार्फत ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी फुकट बोलता येतं, आशाताई वजन करतात, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासणी होते. मुंबईच्या अरमान संस्थेची एममित्रसारखी आवाजी निरोपांची सेवाही चांगली आहे. फक्त तिथून माहिती येते, तुमच्या पेल्याबद्दल विचारणारं पलीकडे कुणी नसतं.

तुमच्या त्या पॅकेजवाल्यांना पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. पलीकडे बोलणारी व्यक्ती कोण, शिक्षण काय, दर वेळी तीच असेल का? औषध सुचवणार असतील तर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असेल का? (मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार तो असायलाच हवा.) माझ्या डॉक्टरांना नोंदी पाठवणार का? आणि रात्री अकराला मी १५०/१०० चा फोटो टाकला तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाला "आमची टीम चोवीस तासांत उत्तर देते" असं ऐकू आलं तर पुढे बोलूच नका. पावडरीचे डबे, "वजन घटवणारा" काढा किंवा भात-पोळी पूर्ण बंद असा चार्ट असेल तरीही नको. त्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांच्याच दवाखान्यात आहारतज्ज्ञ येत असतील तर त्यांना फोनवर दहा-दहा मिनिटं द्याल का विचारा. बहुतेक जणी देतात, आणि स्वस्तात पडतं.

शेवटी लातूर. फोनचा सगळ्यात जास्त उपयोग तुम्हाला तिथेच होणार आहे, कारण सातव्या महिन्यात गाव बदलतं, डॉक्टर बदलतो, स्वयंपाकघर बदलतं, आणि माहेरी लाडाचं खाणं सुरू होतं. नेमक्या त्याच दिवसांत वजनाची चाल बिघडते. पहिल्या पंधरा दिवसांतच लातूरच्या डॉक्टरांकडे नाव घाला. तोवर माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्रत्येक पानाचा, सोनोग्राफीचा आणि रक्ततपासण्यांचा फोटो एकाच ठिकाणी ठेवा आणि नव्या-जुन्या दोन्ही डॉक्टरांना पाठवा. आहाराचे फोन ज्यांच्याशी चालू आहेत त्यांच्याशीच चालू ठेवा, तिकडे गेल्यावर पहिल्या फोनवर आईला घ्या. डिंकाचे लाडू आत्ताच सुरू करू नकोस म्हणून तिला तुम्ही सांगून ती ऐकणार नाही, आम्ही सांगितलं तर ऐकते. रक्तदाबाचं यंत्र बॅगेत टाका. काटाही नेता आला तर उत्तम. नसेल जमत तर निघायच्या दिवशी सकाळी इथल्या काट्यावर आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या काट्यावर, त्याच गाऊनमध्ये उभ्या राहा, आणि दोन्हींतला फरक कार्डाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. नाहीतर काटा बदलल्यामुळे वाढलेला सव्वा किलो आईच्या हातच्या तुपावर जाईल.